ओढ्यात हिरवं पाणी

अठरा वर्षं सरकारच्या पर्यावरण खात्यात वकिली करून तिनं राजीनामा दिला, तेव्हा घरच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. "सुखाचा जीव दुःखात घालतेयस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नियम लिहून लिहून हात दुखले. आता ते माणसांना लागू होताना बघायचंय."

खात्यात तिला सगळे 'कलमबाई' म्हणायचे, कारण खिडकी उघडी ठेवायची की बंद या भांडणातही ती कलम सांगायची. आता दोन खोल्यांच्या ऑफिसात ती पहिल्या अशिलाची वाट बघत बसली होती. आला तो एक रंगारी. कापड रंगवायचा छोटा कारखाना, बावीस माणसं कामाला, आणि हातात खात्याची नोटीस: ओढा दूषित केल्याबद्दल कारखाना बंद.

"माझ्याकडून थेंबभर पाणी ओढ्यात जात नाही हो, वकीलबाई."

"सगळे हेच म्हणतात," ती बोलून गेली. अठरा वर्षांची सवय!

"सगळ्यांचं ऐकलंत ना? मग माझं येऊन बघा."

ती गेली. एकूण एक झाकण उघडायला लावलं, फरशीवर पालथी पडून टॉर्चनं पाइपात डोकावली. ओढणी निळी झाली, कोपर खरचटलं. पण पाइप खरंच टाकीतच उतरत होता आणि टाकीतलं पाणी टँकर भरून बाहेर जायचं. पावत्याही चोख होत्या.

"आणि कारखाना बंद होऊन अकरा दिवस झाले," रंगारी म्हणाला. "तरी काल गुरुवारी ओढा काळानिळा झाला. मागच्या गुरुवारीही झालेला."

"काय म्हणालात? गुरुवारी?"

गुरुवार म्हणजे सरकारी राजपत्र छापायचा दिवस! तिनं लिहिलेला प्रत्येक नियम गुरुवारी सकाळी सरकारी छापखान्यात छापला जायचा. मुद्रितं तपासायला ती स्वतः तिथं बसायची आणि दुपारी निघताना कामगार यंत्रं धुताना दिसायचे. शाई, घासलेट, कसलीकसली द्रावणं. ते पाणी कुठं जातं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं!

ती ओढ्याच्या काठानं जवळजवळ पळतच निघाली. मागून रंगारी धापा टाकत. वळणापलीकडे छापखान्याची मागची भिंत होती आणि भिंतीखालून पावसाळी गटार ओढ्यात उतरत होतं. गटाराच्या तोंडाशी काळा, तेलकट थर.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली.

पण नुसता थर बघून भागत नव्हतं. पुरावा आत होता, आणि छापखान्याच्या फाटकावरचा जो पहारेकरी तिला पूर्वी सलाम ठोकायचा, तोच आता म्हणाला, "पास आहे का, बाई?" तिला हसूच आलं. खरंच, आता ती बाहेरची होती. मग तिनं न्यायाधिकरणात अर्ज केला, दोन्ही बाजूंना मिळून छापखान्याच्या पाण्याचा माग काढू द्यावा म्हणून.

समोर सरकारतर्फे छोटी उभी राहिली. छोटी म्हणजे खात्यात तिच्याच हाताखाली तयार झालेली वकील.

"मॅडमचा… म्हणजे समोरच्या वकिलांचा अर्ज निव्वळ वेळकाढूपणाचा आहे, साहेब."

"हे वाक्य मीच शिकवलंय, साहेब," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं हसू लपवलं. "मग खरं-खोटं ओढ्यालाच ठरवू दे. मंजूर."

तिचा धाकटा दीर भूजल सर्वेक्षणात होता. पाण्याचा माग काढायची निरुपद्रवी हिरवी पूड त्यानं आणून दिली. ठरल्या दिवशी सकाळी अकराला छोटीनं स्वतःच्या हातानं ती छापखान्याच्या धुण्याच्या हौदात कालवली आणि बूच काढलं. रंगाऱ्याला घेऊन कलमबाई गटाराजवळच्या पुलावर उभी, शेजारी खात्याचा निरीक्षक.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. रंगारी नखं खात होता. पंधरा मिनिटांनी निरीक्षक घड्याळाकडे बघून खाकरला. तिनं गटाराच्या तोंडावरची नजर हलवली नाही. पाइप दुसरीकडेच जात असला तर?

आणि एकदम गटाराच्या तोंडातून हिरवंगार पाणी उसळलं. पोपटी, झगझगीत! बघता बघता निम्मा ओढा उजळला.

"आलं! छोटे, आलं गं!" ती फोनवर किंचाळली.

"खरंच? थांबा, थांबा, मी येते!" आणि सरकारी वकील हातातल्या फायलींसकट पळत पुलावर आली. दोघी कठड्यावरून ओणवून बघत राहिल्या.

"मॅडम, आपण इतकी वर्षं…"

"हो. नियम जिथं छापले, तिथंच मोडले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

दुसऱ्या दिवशी छोटी न्यायाधिकरणापुढं सरळ उभी राहिली. "साहेब, आमची नोटीस चुकली. आम्ही ती मागे घेतो." हे बोलायला काय लागतं, ते कलमबाईला ठाऊक होतं. खात्यात असताना तिला ते एकदाही जमलं नव्हतं. दुपारपर्यंत रंगाऱ्याची यंत्रं सुरू झाली.

घरी तिनं सगळं उभ्याउभ्याच सांगितलं, तेही दोनदा. सासूबाईंनी हात धरून तिला खाली बसवलं. "बरं, त्या छापखान्याचं आता काय?"

त्याचं उत्तर आठवड्यानं मिळालं. ओढ्याकाठचे रहिवासी छापखान्याविरुद्ध दावा लावायला तिच्या ऑफिसात आले, तिनं वकीलपत्र घेतलं आणि संध्याकाळी छोटीचा फोन आला.

"मॅडम, सरकारतर्फे छापखान्याची बाजू मला मांडायचीय. मी आमच्या खात्यातल्या साहेबांना सांगितलंय, आधी पाइप बदला, मग बोलू. पण काठावरचा गाळही काढा म्हणाल ना तुम्ही?"

"म्हणणारच. आणि तारीखही मागणार."

"मग मी कडाडून विरोध करणार हं!"

"कर की! नीट तयारी करून ये," ती म्हणाली आणि कोरा कागद पुढं ओढला.