माझा आग्नेय कोपरा

मित्रांनो, जगात कुठेच नसलेल्या एका देशाचा मी जुना नकाशा आहे. हसू नका! त्या देशात माणसं जाऊन आली आहेत, आणि तीही दर रविवारी, टीव्हीवरचा फुटबॉलचा सामना संपल्यावर.

छापखान्यातून निघालो तेव्हा काय थाट होता माझा! उत्तरेला बुटक्या खाणकऱ्यांचे धुकट कडे, पश्चिमेला सात शिड्यांचं बंदर, मधोमध बोलक्या झाडांचं रान. दोन पुस्तिका आणि मूठभर फासे यांच्यासोबत मला घडी घालून एका खेळाच्या खोक्यात बसवलं. विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात, वाचनालयात काम करणाऱ्या लॉर्ना ट्वेटनं ते खोकं घरी नेलं आणि तळघरातल्या टेबलावर मला पसरलं.

लॉर्ना खेळ चालवायची, म्हणजे समोर काय दिसतंय ते सांगायची. बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगायचे, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. बाकीचे म्हणजे दोघंच. तिचा धाकटा भाऊ डेल, जो दुधाचा टँकर चालवायचा, आणि शेजारचा पोस्टमन मर्ल. मर्लचा सगळा जीव माझ्या बंदरावर. चोराचं पात्र घ्यायचा आणि तिथून हलायचं नाव काढायचा नाही. तळलेल्या चीजचे तेलकट हात मात्र खुशाल माझ्या समुद्राला पुसायचा. ते डाग अजून आहेत.

त्या टेबलाचा एक दंडक होता. माझ्यावर नवं काही काढायचं तर ते पेन्सिलीनंच. पात्रांनी तिथे पाऊल ठेवलं, की मगच त्यावर शाई फिरायची, आणि तिघंही टेबलावर मूठ आपटायचे. मी किती फुशारून जायचो म्हणून सांगू!

माझा आग्नेय कोपरा मात्र कोरा होता. पुस्तिकेत छापणाऱ्यांनी लिहिलंच होतं की हा प्रांत आम्ही कधीही भरणार नाही, हा तुमचा. डेलनं तो मागून घेतला. जीभ दातांत धरून, पेन्सिल दाबून दाबून त्यानं तिथे एक ओढा काढला, पूल काढला, अक्रोडाचं झाड काढलं आणि एक लांबलचक गोठा काढला.

"अरे बाबा, ड्रॅगनच्या देशात गोठा कोण काढतं?" मर्ल खो खो हसला.

"का? ड्रॅगनला दूध लागत नाही?" डेल म्हणाला. "लॉर्ना, एकदा जाऊ या ना तिकडे."

"पुढच्या रविवारी. आधी हा राक्षस तर मरू दे."

राक्षस मेला, मग दुसरा आला. पुढचा रविवार सहा वर्षं उजाडलाच नाही.

मग त्या देशाचं नवं, जाडजूड पुस्तक निघालं. छापणाऱ्यांनी शब्द मोडला होता. माझ्या आग्नेय कोपऱ्यात त्यांनी वाळवंट टाकलं होतं. लॉर्ना वाचनालयातली, तिच्या लेखी छापलेलं ते खरं. बाकीचे यायच्या आत तिनं खोडरबर घेतलं आणि तो कोपरा घासून साफ केला. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड नाही याचं फार वाईट वाटलं.

डेल जिना उतरून आला आणि थबकला. "हे काय केलंस?"

"पुस्तकात तिथे वाळवंट आहे. आणि पेन्सिलच तर होती, डेल."

"पेन्सिलच राहिली, कारण तू कधी नेलंच नाहीस."

त्यानं आपले फासे खिशात टाकले आणि निघून गेला. अकरा वर्षं मी नाताळच्या सजावटीखाली पडून होतो. नाताळला भाऊबहीण वर एका टेबलावर जेवायची, पण बोलणं काय, तर बटाटे इकडे सरकव. खाली मला सगळं ऐकू यायचं.

एका फेब्रुवारीत वाचनालयात जुन्या खेळांचं प्रदर्शन भरायचं होतं, म्हणून लॉर्नानं मला उघडलं. तळघराच्या चिंचोळ्या खिडकीतून दुपारचं तिरपं ऊन माझ्यावर पडलं होतं. रेघा गेल्या होत्या, पण डेलनं दाबून काढल्यामुळे कागदावर वण राहिले होते. लॉर्नानं त्यांवरून बोट फिरवलं. ओढा पुलाआधी दोनदा वळत होता. पलीकडे अक्रोड, मग गोठा.

"अगं बाई," ती खुर्ची ओढून बसली. "हे तर आपलं शेत."

वडील गेल्यावर ते शेत विकलं होतं. लॉर्ना तेव्हा शिकायला लांब होती, कागदावर सही करण्यापुरती आली होती. शेवटच्या दिवसापर्यंत गायींची धार काढली ती एकोणीस वर्षांच्या डेलनं. लॉर्ना माझ्यावर डोकं टेकून रडली. माझ्या अंगावरच्या डागांत तो डाग मला सगळ्यात प्रिय आहे.

तिनं फोन लावला. "डेल, रविवारी ये. फासे घेऊन ये. आणि मर्लला म्हणावं, हात पुसायला फडकं आण."

दोघं आले. मर्लचे केस पांढरे झाले होते. डेल हाताची घडी घालून बसला. "तिथे वाळवंट आहे ना?"

लॉर्नानं ते जाडजूड पुस्तक उचललं आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं.

"तुम्ही पुलावर उभे आहात," ती म्हणाली. "ओढा दोनदा वळून आलाय. अक्रोडाखाली बादली आहे. गोठ्यातून हंबरणं ऐकू येतंय. डेल, काय करतोस?"

डेलनं हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "आधी फाटक लावतो. गायी बाहेर गेल्या तर आई ओरडेल."

फासे कुणी टाकलेच नाहीत. मर्लनंसुद्धा त्या दिवशी काही चोरलं नाही. लॉर्नानं शाईचं पेन पुढे केलं, तर डेल म्हणाला, "तू काढ. बघू तुला वळणं आठवतात का." तिनं वणांवरून एकेक रेघ गिरवली, आणि तीन मुठी टेबलावर आपटल्या.

आता माझ्या घड्या विरल्या आहेत, पाठीवर चिकटपट्ट्या आहेत. पण खाणी, बंदर, रान सगळं ओलांडून लोक आधी माझा आग्नेय कोपराच बघतात. मित्रांनो, मला काचेत ठेवू नका. माझ्यावर रेघा ओढा, तेलाचे डागही चालतील. एवढं मात्र करा. कुणी पेन्सिलीनं काढलेल्या गावावर बोट ठेवून म्हणालं, "एकदा जाऊ या ना तिकडे," तर याच रविवारी जा.