हजेरीपटातली ओहोटी

दहावीतल्या उन्नतीची हजेरी जूनपासून सहासष्ट टक्क्यांवर अडकली होती. पंचाहत्तर झाली नाही, तर मार्चमध्ये तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

उलव्यातल्या आमच्या शाळेत सुनयना मॅडम समुपदेशक आहेत. मूल कशात अडकलंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. मी त्यांची मदतनीस. बीएस्सीला फिजिक्स होतं, म्हणून नोंदी माझ्याकडे. हाकही तीच मारतात, "ए फिजिक्स!"

"पोटात दुखतं म्हणती," मुख्याध्यापक कृष्णात सर आवाज खाली आणून म्हणाले. सर साताऱ्याकडचे. "आता पोरीला मी काय विचारणार? बायकांचं असंल काहीतरी."

"सर, चार महिने सगळे लाजत राहिले," मॅडम म्हणाल्या. "ती दर पंधरवड्याला गैरहजर असते. बायकांचं महिन्यातून दोनदा येत नाही."

मी चार महिन्यांची हजेरी आलेखाच्या कागदावर उतरवली. एक दिवस, एक चौकोन. गैरहजर असेल तो काळा. काळे चौकोन चार-चारच्या घोळक्यात आले. दोन घोळक्यांत चौदा-पंधरा दिवसांचं अंतर. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं आणि माझा हात थांबला. प्रत्येक घोळका पौर्णिमेला किंवा अमावास्येला सुरू होत होता.

"मॅडम, ही चंद्रावर चालते."

"कोण?"

"उन्नती."

मला वाटलं, हसतील. त्यांनी कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. "पुढची पौर्णिमा?"

"मंगळवारी."

"तिला काही विचारू नकोस. चंद्रावर खाडीही चालते. आपण तिथे जाऊ. आणि अर्धी रजा टाक, नाहीतर तुझाच चौकोन काळा होईल."

मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही उन्नतीच्या गावामागच्या खाडीवर पोचलो. पाणी नव्हतंच. तिवराच्या झुडपांच्या मुळांपासून दूरवर नुसता राखाडी चिखल, त्यातून बारीक टकटक आवाज, आणि पलीकडे मावळणारा आख्खा चंद्र. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सर्वांत मोठी असते, ही गणितं मी परीक्षेत सोडवली होती. एवढं पाणी खरोखर उठून जातं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

चिखलात एक बाई बिळात कोपरापर्यंत हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, काढत होती. दहा पावलांवर उन्नती उभी होती. काखेत फळी, कमरेला दोर. ती काहीच वेचत नव्हती. फक्त मधल्या ओहळाकडे बघत होती.

"आय, पानी फिरला!" ती एकदम ओरडली. बाईनं तत्काळ टोपली उचलली.

मला काहीच बदललेलं दिसत नव्हतं. मी घड्याळ लावलं. ओहळातलं एक पान समुद्राकडे निघालं होतं ते थांबलं, आणि सहाव्या मिनिटाला आमच्या दिशेनं येऊ लागलं.

काठावर आम्हाला पाहून उन्नतीचा चेहरा उतरला.

"तुला आधी कसं कळलं?" मला राहवलं नाही.

"फेस थांबतो ना, मॅडम." मग घाईनं, "बाबांना नका सांगू. ते न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवतात. कळलं तर आयची खाडी बंद."

"मागल्या साली कमरेपरत रुतलू," तिची आई गोजराबाई म्हणाली. "हिनंच फली टाकून काडला. माजे संगतीच्या सगल्या बिल्डिंगीत कामाला गेल्या. आता पान्याव नजर ठेवाला हीच हाय." मग आमच्याकडे निरखून बघत, "पन हिची शाला त दुपारची हाय ना?"

उन्नतीनं मान खाली घातली. तिचा वर्ग सकाळचा; पण या दिवसांत शाळा दुपारची असते, असं तिनं आईला सांगितलं होतं.

मॅडम तिच्या आईकडे वळल्या. "आज नऊ वाजता शाळेत या, गोजराबाई. एक सही लागेल. आणि उन्नतीच्या बाबांना तुम्हीच सांगायचं. मी सोबत येईन."

"चंद्राकडं बघून सत्र बदलायचं?" नऊ वाजता ऑफिसात कृष्णात सर म्हणाले. "असा नियम कुठाय?"

"दहावी ब दुपारी भरते. मोठ्या ओहोटीच्या चार दिवसांत ही तिथे बसेल, बाकी सकाळी. हजेरी शाळेचीच, सर." मॅडमनी आलेख पुढे सरकवला.

सरांचं बोट काळ्या चौकोनांवरून हळूहळू फिरलं, मग कॅलेंडरवरून, मग पुन्हा चौकोनांवरून. दारात गोजराबाई ओल्या पायांनी उभी होती.

"आमच्याकडं पाणी पाटानं येतं," ते शेवटी म्हणाले. "वेळापत्रक लावून."

"हेही वेळापत्रकानंच येतं, सर."

त्यांनी पेन उघडलं. मी फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब करून आणला होता. एक्क्याऐंशी टक्के. तो त्यांनी मागितलाच नाही.

पाऊण वाजता मी दहावी 'ब'ची हजेरी घेतली. सर्वांत शेवटी, पेनानं नवीन लिहिलेलं नाव.

"हजर, मॅडम." तिच्या कोपरावर वाळलेल्या चिखलाचा एक पट्टा राहिला होता.

मी खूण केली. वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसत नाही. पण त्या क्षणी ती काठोकाठ भरलेली होती, हे मला ठाऊक होतं.