काकू म्हणायचं

हर्सूलच्या मंजुषाला मूल झालं नाही, पण लेक मिळाली. धाकटा दीर सुदर्शन आणि जाऊ राजनंदिनी नोकरीसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांची श्रेया रांगत होती. "जरा बस्तान बसलं की नेतो, वहिनी," सुदर्शन म्हणाला होता. बस्तान बसता बसता श्रेया सहा वर्षांची झाली. तापानं फणफणणं, पहिला पडलेला दात, शाळेच्या दारातलं रडणं, सगळं मंजुषाच्या मांडीवर झालं. पोर तिला आईच म्हणायची. फोनमधली ती मम्मी.

यंदा दिवाळीनंतर दोघं श्रेयाला न्यायला आली. डॅलसच्या बाहेर, बड्या लोकांच्या वस्तीत त्यांनी घर घेतलं होतं. जवळ चांगली शाळा, मागं हिरवळ, पोरीला वेगळी खोली. फोटो बघून मंजुषाचा नवरा शिवराज "झ्याक हाये" एवढंच म्हणाला आणि गंगापूरला शेतावर निघून गेला.

दुपारी राजनंदिनी स्वयंपाकघरात आली. "ताई, तुमचे उपकार फिटणार नाहीत. पण ती तुम्हाला आई म्हणते तोवर माझ्याजवळ यायची नाही." तिचा रागही येईना, हे मंजुषाला फार जड गेलं. लेकराविना काढलेली वर्षं जावेच्या चेहऱ्यावर दिसत होती.

संध्याकाळी वेणी घालताना मंजुषा म्हणाली, "श्रेया, आजपासून मला काकू म्हणायचं."

"का?"

"मी काकूच हाये तुझी. मम्मी तुझी आई."

"मग इतके दिवस खोटं सांगत होतीस?"

"व्हय," मंजुषा म्हणाली. दुसरं काय सांगणार?

श्रेयानं अबोला धरला. तहान लागली तर स्वतः पाणी घेऊन प्यायची. मग हळूहळू राजनंदिनीच्या कुशीत झोपू लागली. मंजुषा दारातूनच बघून माघारी फिरायची.

निघताना श्रेयानं नवे बूट घातले होते. वाकून पाया पडली. "येते काकू," न अडखळता म्हणाली. मंजुषानं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "मम्मीचं ऐक," एवढंच तिला बोलता आलं. गाडी जळगाव रोडला लागून दिसेनाशी झाली, तरी ती हलली नाही. शिवराजनं धरून आत नेलं, तेव्हा ती मोठ्यानं रडली.

सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. मग राजनंदिनी चाचरत म्हणाली, "ताई, फोन ठेवला की ती जेवत नाही. थोडे दिवस बोलणं थांबवूया का?"

"थांबवू," मंजुषा म्हणाली.

एका रविवारी सकाळी सुदर्शनचा फोन आला. शिवराजनं उचलला. "पोर तुला मागतीय," तो हळूच म्हणाला. मंजुषा भाकरी थापत होती. तिनं मान हलवली. "झोपलीय म्हणा. आत्ता कुठं रुळतीय ती."

शिवराजनं तसं सांगितलं. पलीकडून श्रेयाचा आवाज आला, "अजून झोपलीय? बरं नाही का तिला?"

मंजुषानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. परातीतलं पीठ तसंच राहिलं.