स्नेअरची जाळी

"कोन वाजवून राहिलं रे? थांबवा त्याला!"

माझ्या सासऱ्यांचा हा आवाज मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात ऐकला. चौऱ्याण्णव साल होतं. साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर दुपारचं ऊन निजलेलं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं, आणि सासरे, वसराम, दोन्ही कानांवर तळवे दाबून अंगणात उभे होते. चाळीस होळ्या त्यांनी तांड्याचा नगारा वाजवला होता. आता नगारा घरात कोपऱ्याला पडून होता, त्याच्यावर धूळ होती, आणि यांच्या कानात मात्र कुणीतरी टिपरी चालवत होतं.

"कोनीच न्हाई वाजवत," सासू भिकाबाई म्हणाली. भाकरी थापता थापता, मान वर न करता. "तुमच्याच डोक्यात हाय ते."

ती खोटं बोलली नव्हती. पण ते ऐकल्यावर सासऱ्यांचा चेहरा भर बाजारात आईचं बोट सुटलेल्या लेकरासारखा झाला. पुढं तांडा म्हणाला, बाधा झाली. लिंबं उतरवली, बाजेला दोरीनं बांधलं. त्यांनी पुन्हा कुणाला काही विचारलं नाही. श्रावणात विहिरीतून वर काढले.

माझ्या मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही, इथं एकदा लिहिते: देविदास. बापाला खांदा देऊन आल्यावर त्यांनी नगाऱ्याला हात लावला नाही. "नगारा इस्तवावर शेकावा लागतो, तवा बोलतो," म्हणाले. "आगीचा काय भरवसा?" आम्ही वसमतला आलो. तिथं मालकांना दोन ढोल भेटले. एक दिवसाचा, हळद पॉलिश करायचा. भोकं पाडलेल्या पत्र्याचा, पोटात वाळली हळद घेऊन गरगर फिरणारा. त्याच्या शेजारी उभं राहून बोलायचं तर समोरच्याच्या कानात ओरडावं लागे. दुसरा संध्याकाळचा, मार्तंडराव कुलकर्ण्यांच्या ऑर्केस्ट्रातला ड्रमसेट. लग्नं, गणपती, जयंत्या, सगळीकडं जायचा.

"दिवसा ढोल, संध्याकाळी ड्रम, घरी बायकोची बडबड," मालक हसून म्हणायचे. "माझ्या कानाला सुट्टी कवा?"

ड्रमसेटला बोल्ट होते, चावी होती. आग नको, नशीब नको, चावीनं सूर लागतो, याचंच त्यांना कौतुक. रविवारी सकाळी शाळेमागच्या, ऑर्केस्ट्राच्या तालमीच्या खोलीत ते सूर लावायला बसले की मला समोर बसवत. नवं पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचा पडदा, चढवायचं, मधोमध तळव्यानं दाबायचं, बोल्ट आधी बोटांनी आवळायचे. मग चावी. एका बोल्टला अर्धा पीळ दिला की दुसरा पीळ बरोबर समोरच्या बोल्टला.

"एक सासरला, एक माहेरला," ते म्हणायचे. "एकाच बाजूला वढलं की पान रुसतं."

मग काठीच्या टोकानं प्रत्येक बोल्टाशेजारी टिचकी. टण, टण, टण. "कोनता खाली हाय?" मी बोट दाखवायची. बरोबर असायचं. पुढं पुढं तर ते मला विचारूनच चावी फिरवायचे. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पण या एका परीक्षेत मी कधी नापास झाले नव्हते.

सगळ्यात अवघड स्नेअर. बाकीचे ड्रम धपधप बोलतात, याच्या खालच्या पानाला मात्र बारीक तारांची जाळी चिकटून असते, म्हणून तो चर्र करून उठतो. ती जाळी मोठी हळवी. शेजारी कुणी सूर धरला की न मारताच कुरकुरते. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर तसंच झालं. आमचा बेस गिटारवाला उत्तमसिंग जाड तार छेडायचा आणि इकडं स्नेअर आपोआप झर्रर्र करायचा.

"देवीभाऊ, तुझ्या ड्रमात भुंगा शिरला का?" उत्तमसिंग म्हणाला.

ती कुरकुर मी माझ्या कानांनी ऐकली. मालकांनी एक सकाळभर बसून ती काढली. शेजारच्या लहान ड्रमचा, टॉमचा, सूर जरा चढवला, जाळीच्या दोन्ही टोकांचे बोल्ट किंचित सैल केले. उत्तमसिंगनं तीच तार पुन्हा छेडली. स्नेअर शहाण्या पोरीसारखा गप्प. सगळे चहाला गेले.

मालक गेले नाहीत. रिकाम्या खोलीत ते स्नेअरवर वाकले, पानाला कान लावला.

"अजून हाय. बारीक. तुला ऐकू येऊन राहिलं ना?"

मी श्वास धरून ऐकलं. खिडकीत चिमणी होती. लांब कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. ड्रममध्ये काही नव्हतं. मी मालकांकडं पाहिलं आणि मला अंगणात उभे असलेले सासरे दिसले, कानांवर हात घेतलेले.

"व्हय," मी म्हणाले. "बारीक हाय, पन हाय."

त्यांचे खांदे सैल झाले. एका शब्दानं मी माणूस विहिरीच्या काठावरून मागं ओढला, असं मला वाटलं. सासूनं जी चूक केली ती मी करणार नव्हते.

पुढं दोन वर्षं मी तो शब्द रोज बोलले. मालकांनी स्नेअर घरीच आणून ठेवला. पानावर चिकटपट्टी लावली, आत कापूस भरला, मेणबत्तीचं मेण ओतलं, नांदेडहून नवी जाळी आणली. प्रत्येक वेळी विचारायचे, "आता?" मी म्हणायची, "कमी झालं, पन हाय." एकदा म्हणाले, कामावर हळदीच्या ढोलाजवळसुद्धा तोच सूर ऐकू येतो. "गानं नसतं का बसत मनात," मी म्हणाले, "तसं बसलं असंल." त्यांना ते पटलं. माझ्या तोंडून आलेलं त्यांना सगळंच पटायचं.

हळद निवडताना माझ्या ओठांवर आपोआप ओवी यायची. बायका म्हणायच्या, कुणावर गं ही? मी सांगायची नाही.

कानाच्या पाळीमंदी कोणी गं पेरलं रान
रातंदिस किरकिरे, उगवेना एक पान

आणि स्नेअर मरत चालला होता. कुरकुर मारायची म्हणून मालक चावी पिळत राहिले, पट्ट्या चिकटवत राहिले. जो ड्रम ज्वारीच्या लाह्यांसारखा तडतडायचा तो आता ठक्क करायचा, जसं रिकाम्या डब्यावर कुणी वाटी आपटावी. लोक नाचता नाचता थांबायला लागले. मला ते ऐकू येत होतं. सगळ्यात आधी मलाच आलं होतं.

दोन हजार चारच्या फाल्गुनात एका गुरुवारी मार्तंडराव घरी आले. तहसीलातले कारकून, सडपातळ, गळ्याला मफलर. बाजेवर बसले, चहाला नको म्हणाले. तेव्हाच मला कळलं.

"देविदास, हा स्नेअर आहे की फरसाणचा डबा?"

"सर, कुरकुर हाय त्याच्यात. तेवढी निघाली की खोलतो त्याला."

"कुठंय कुरकुर? दोन वर्षं झाली, मी शोधतोय. उत्तमसिंग शोधतोय." त्यांनी मफलर काढला, पुन्हा गुंडाळला. "हे बघ, शनिवारी सिद्धेश्वरला लग्न आहे, मोठं घर आहे. शनिवारी हा ड्रम पहिल्यासारखा वाजला तर तू तहहयात माझा ड्रमर. नाही वाजला तर माझा पुतण्या विश्वजीत ऑक्टोपॅड घेऊन बसेल. त्याला ना बोल्ट, ना जाळी. वायर लावली की झालं."

ऑक्टोपॅडचं नाव ऐकून मालक मान खाली घालून बसले. ड्रमवरची ती जागा म्हणजे त्यांचं या जगातलं एकमेव आसन होतं. हळदीच्या ढोलापाशी ते 'अरे ए' होते. ड्रममागं बसले की 'देवीभाऊ' व्हायचे.

मार्तंडराव माझ्याकडं वळले. आवाज मऊ केला.

"वहिनी, तुमचा कान चांगला आहे, मला माहीत आहे. खरं सांगा. तुम्हाला येतो तो आवाज?"

खरं बोलायला दार उघडं होतं. कुणीतरी हातात दिवा द्यावा तसा त्यांनी तो प्रश्न माझ्या हातात दिला होता. मालक माझ्याकडं बघत होते.

"येतो ना," मी म्हणाले. "मलाबी येतो."

"बघा!" मालक ताठ झाले. "हिलाबी येतं!"

मार्तंडराव उठले, चपला पायात सरकवल्या. "आम्हा सहा जणांना येत नाही आणि तुम्हा दोघांनाच येतो. ठीक आहे. शनिवारी बघू."

शुक्रवारी मालकांनी कामावर खाडा केला. जेवण करून अंगणात पोतं अंथरलं आणि स्नेअर पुरता सोडवला. कापूस काढला, मेण खरवडलं, पट्ट्या सोलल्या. कडं पुसून काढलं. नवं पान चढवलं, तळव्यानं दाबलं. एक सासरला, एक माहेरला. टण, टण, टण. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. ओठ मिटून, एकेक बोल्ट, दुपार उतरेपर्यंत. शेवटी खाली जाळी बसवली, खटका वर ओढला आणि काठ्या घेतल्या.

देवा, काय आवाज आला! खडखडीत उन्हात लाह्या फुटल्या. शेजारची भिंत बोलली. पलीकडच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "आज लगीन हाय का काय तुमच्याकडं?" इतका निर्मळ स्नेअर मी आयुष्यात ऐकला नव्हता. शनिवार वाचला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पदरानं टिपलं.

मालकांनी काठ्या थांबवल्या. तळवा पानावर ठेवून घुमणं थांबवलं. मग हळूच वाकून कान लावला.

मी त्यांची पाठ बघत होते. सदऱ्याखाली दोन पंखांची हाडं. ती हाडं हळूहळू वर आली.

"हाय," ते म्हणाले. "अजून हाय."

"आवो, ऱ्हाऊ द्या. असाच न्या. लई झाक वाजून राहिला."

"असा कसा नेऊ? तुलाबी येतं, मलाबी येतं, लोकांस्नी येनार न्हाई व्हय?"

माझाच शब्द होता तो. ते उठले, घरात गेले आणि पक्कड घेऊन आले. ड्रम पालथा केला.

"आवो! उद्या लगीन हाय!"

तार तुटताना टिंग करून आवाज येतो. एक, मग दुसरी. वीस तारा होत्या. मी हात धरायला गेले तर त्यांनी कोपरानं मला सारलं. रागानं नाही, जखम धुताना डॉक्टर सारतो तसं. शेवटची तार तुटली आणि जाळी पोत्यावर पडली, माशाच्या काट्यासारखी. आता त्या ड्रमात कुरकुरायला काही उरलं नव्हतं. उद्या वाजवायलाही काही उरलं नव्हतं.

ते मांडी घालून बसले, ड्रम मांडीवर घेतला, कान लावला. बराच वेळ. मग त्यांनी वर पाहिलं.

गेल्या दहा वर्षांत त्यांनी बापाचं नाव काढलं नव्हतं.

"निलम, तारच न्हाई राहिली. मंग हे कुठून येऊन राहिलं? बापूला बी असंच..." पक्कड हातातून पडली. "तुला येऊन राहिलं ना? तुला येतंय, मंजी ड्रमातच हाय. न्हाई का?"

नेहमीचा शब्द माझ्या जिभेवर आला होता, तयार. पण बिनतारेच्या ड्रमाला मी व्हय म्हणाले असते, तर त्यांच्या लेखी तो ड्रम लागिराचा झाला असता. मग लिंबं, मग दोरी. आणि उद्या सिद्धेश्वरला त्यांच्या जागी दुसरं कुणी बसणार होतं, ते या आवाजापायी नाही, माझ्यापायी. त्यांना मी काठावरून मागं ओढलं नव्हतं. दोन वर्षं हाताला धरून काठाकडंच नेलं होतं.

मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. ड्रम त्यांच्या मांडीवरून काढून बाजूला ठेवला. त्यांचे दोन्ही हात धरले, हळदीनं पिवळे, चावीनं घट्टे पडलेले. ते थंड होते, फाल्गुनाच्या उन्हात.

"बोल की," ते म्हणाले. "येऊन राहिलं ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "मला न्हाई येत. दोन वर्सांत एकदाबी न्हाई आलं. मी खोटं बोलत होते."