चव्वेचाळिसावी ओळ

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी स्कार्फची चव्वेचाळिसावी ओळ तिसऱ्यांदा मोजली आणि ती तिसऱ्यांदाही बरोबर निघाली. एकोणनव्वद खांब, म्हणजे उभे टाके. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

काल सकाळी त्यांनी ही ओळ मुद्दाम चुकवली होती.

स्कार्फ साधा होता, क्रोशाच्या सुईनं विणलेला, राखाडी लोकरीचा, त्रिकोणी. टोकापासून तीन खांबांनी सुरुवात करायची आणि पुढच्या प्रत्येक ओळीत दोन्ही कडांना एकेक खांब वाढवत जायचं. तीन, पाच, सात, नऊ. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं हस्तकला शिकवताना बाईंनी हा त्रिकोण चौथीच्या मुलींकडून करून घेतला होता. त्यांना 'बाई' हे नाव शाळेतच पडलं आणि निवृत्तीनंतर सगळी गल्लीही त्यांना बाईच म्हणू लागली. अशा बाईंना महिन्याभरापूर्वी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं, "सवयीचं पण मोजावं लागेल असं काहीतरी करा. कुणाची मदत घेऊ नका. महिन्यानं मला आणून दाखवा."

त्याआधी घरात दोनदा भांडं करपलं होतं आणि एकदा बाई किल्ली आत विसरून बाहेर उभ्या राहिल्या होत्या. एवढ्यावरून मुलानं डॉक्टर गाठली. मोजणं जमत असेल तर आई आपल्या घरी राहील, नसेल तर तो तिला आपल्याकडे, अकराव्या मजल्यावर नेईल आणि या घराला कुलूप लावेल. निकाल आज होता. सव्वाचारची वेळ मिळाली होती. सकाळी स्कार्फला शिंपल्यांची कड घालायची, एका घरात पाच खांबांचा एक शिंपला, आणि तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

पण गुरुवारी त्यांच्या बोटांना काहीतरी खटकलं. बाईंचा हात घट्ट. टाक्यात सुई घालताना ती कुरकुरायची. गुरुवारी ती लोण्यात गेल्यासारखी गेली. म्हणून काल त्यांनी शेवटच्या ओळीत डाव्या कडेचा खांब गाळला आणि विणकाम टोपलीत ठेवून दुपारी नेहमीसारख्या आडव्या झाल्या. आज तो खांब जागेवर उभा होता.

स्कार्फ मुठीत धरून त्या स्वयंपाकघरात गेल्या. घरात दुसरं माणूस एकच होतं, धाकटी नणंद. बाईंपेक्षा सहा वर्षांनी लहान असूनही त्या तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणत. नवरा गेल्यावर वन्सं भावाच्या घरी आल्या, नंतर भाऊही गेला, आणि दोघी एकमेकींच्या वाट्याला उरल्या. वन्सं ओट्याशी मटार सोलत होत्या.

"वन्सं, माझी ओळ कुणी उसवली?"

"मांजरानं."

"आपल्याकडे मांजर नाही."

"मग झुरळानं. काल फार शिकल्यासारखं हिंडत होतं एक."

"थट्टा पुरे. काल मी शेवटच्या ओळीत एक खांब कमी घातला होता. मुद्दाम. आज तो तिथं आहे. खांबाला पाय फुटत नाहीत."

वन्संचा अंगठा शेंगेवरच थांबला.

"मुद्दाम?"

"चोर पकडायचा होता."

"म्हणजे कालची तेवढीच मुद्दाम, वहिनी?"

बाईंनी ते ऐकलं नाही. त्यांचं तोंड सुटलं होतं.

"चाळीस वर्षं शिकवतेय तुम्हाला, अजून तुमचा खांब उभा राहत नाही. लोळतो! आणि तुम्ही माझ्या चुका दुरुस्त करणार? माझ्या? कुणी सांगितलं होतं? मी मागितली होती मदत? तुम्हाला माझी नाही, तुमच्या खोलीची काळजी."

"आहेच. नाही कशाला म्हणू? भाच्याकडे दोघींपैकी एकीचीच खाट मावते. त्यानं टेप लावून पाहिलंय."

"आज मी डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगणार. एका ओळीत हिनं नाक खुपसलंय, बाकीच्या त्रेचाळीस माझ्या आहेत. मोजून घ्या म्हणावं."

सोललेले दाणे वन्सं एका वाडग्यातून दुसऱ्या वाडग्यात ओतत राहिल्या.

बाई खिडकीशी येऊन बसल्या. राग अजून अंगात होता, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी हलायला लागलं होतं. या घरात शेवटचं वाक्य वन्संनी कधी कुणाला सोडलं नव्हतं. आज सोडलं होतं.

त्यांनी स्कार्फ मांडीवर पसरला, सुई घेतली आणि एकेका ओळीत टोचून पाहू लागल्या. त्रेचाळीस, कुरकुर. बेचाळीस, कुरकुर. एकेचाळीसमध्ये सुई अलगद गेली. त्यांनी पुन्हा घालून पाहिली. पुन्हा अलगद. चष्मा पुसून त्यांनी ओळ उजेडाला धरली. खांब लोळत होते.

अडतीस. सदतीस. तेहतीस.

शाळेत घरून विणून आणलेलं काम मुलीचं की तिच्या आईचं, हे बाई शेवटच्या बाकावरून ओळखत. जिथून आईचा हात सुरू व्हायचा त्या ओळीच्या कडेला त्या लाल धागा बांधत आणि मुलीला वर्गासमोर तो तुकडा उसवायला लावत. मुली रडत. बाईंना दया यायची नाही. त्यांना त्या आयांचा राग यायचा.

त्यांनी खणातून लाल धाग्याचं रीळ काढलं. तुकडा दातानं तोडला आणि चव्वेचाळिसाव्या ओळीच्या डाव्या कडेला बांधला. मग एकेचाळिसाव्या. एक गाठ इतक्या जोरात ओढली की धागाच तुटला. तो पुन्हा बांधला.

पाऊण वाजता स्कार्फवर अकरा लाल धागे होते. त्यांतली एक ओळ त्यांनी जाणूनबुजून चुकवली होती. उरलेल्या दहा कधी चुकल्या, ते त्यांना आठवेना. आणि चुकल्या त्या चुकल्या, परका हात आपण रोज मांडीवर घेऊन बसलो आणि गुरुवारपर्यंत ओळखला नाही, हे त्यांना त्याहून जास्त बोचलं.

वन्सं जेवायला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"बोलला का नाहीत?" बाई म्हणाल्या.

"बोलले असते तर तुम्ही मानलं असतं?"

"फसवलंत मला."

"हो."

"वर शांतपणे हो म्हणता!"

"मग काय छाती पिटून म्हणू? अकरा दुपारी झोप मोडून बसलेय मी. पाठीचं पार धिरडं झालंय." वन्सं जवळ येऊन वाकल्या. लाल धागे त्यांनी मनातल्या मनात मोजले, ओठ तेवढे हलले. "अकरा. बरोबर काढलेत. एकही सुटली नाही."

बाईंना त्या शाबासकीचा असा संताप आला की त्यांनी सुई भिंतीवर फेकली. ती कपाटाखाली गेली.

वन्संनी सुईकडे पाहिलंही नाही. रीळ उचलून त्या शांतपणे म्हणाल्या, "चव्वेचाळीस ओळी. अकरांना बांधलेत. आणखी तेहतीस बांधले की गोंड्यांची कड झाली. नक्षी. त्यात आधीचे कुठले, हे कोण विचारणार आहे?"

"बाहेर व्हा."

"जेवण..."

"बाहेर व्हा म्हटलं ना!"

तीन चाळीसला मुलगा आला. बूट न काढताच त्यानं स्कार्फ उचलून पाहिला.

"वा, आई! लाल कडही सुरू केलीस. पण ही अशी मध्येमध्येच का?"

"राहिलीय अजून," दारातून वन्सं म्हणाल्या. त्यांनी साडी बदललेली होती, पर्स काखेत होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आत्या, तू कशाला दगदग करतेस?"

"घरी बसून झुरळं मोजू?"

मुलानं आईकडे पाहिलं. बाई चप्पल घालत होत्या.

दवाखान्यात चार वाजता त्यांच्या पुढे दोन नंबर होते. मुलगा फोनवर बोलायला जिन्यात गेला. वन्संनी मांडीवर पर्स उघडली. आत रुमालावर लाल धाग्याचे तुकडे एकसारखे कापून रचलेले होते.

"तेहतीस," त्या हलकेच म्हणाल्या. "दोघींनी बांधले तर दहा मिनिटं."

"मिटवा ती पर्स."

वन्संनी मिटवली. समोरच्या भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं, त्यात आठवणींचा भाग पिवळा दाखवला होता. बाई त्याच्याकडे रागानं पाहत बसल्या. एक नंबर आत गेला, बाहेर आला. दुसरा आत गेला.

मग चित्रावरची नजर न काढता बाईंनी हात पुढे केला.

वन्संनी पर्स उघडून एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. बाईंनी स्कार्फ उलगडला, कडेवरून बोट फिरवत खाली आल्या आणि एका ओळीपाशी थांबून तो धागा बांधला. गाठ घट्ट होती. "ही एक सुटली होती," त्या म्हणाल्या.

वन्सं वाकल्या, ओळ चिमटीत धरून पाहिली आणि गोंधळल्या.

"वहिनी, ही तुमचीच आहे. हिला मी हात लावलेला नाही."

हात बाईंनी मिटला नव्हता, पुढे केलेलाही नव्हता. तो स्कार्फवर पडून होता.

चार वाजून बावीस मिनिटांनी नर्सनं दार उघडून नंबर पुकारला. तेव्हा स्कार्फवर बारा लाल धागे होते.