लाजाळू देवमासा

डॉक्टरांनी आयुष्यभर समुद्रातले आवाज ऐकले, पण घरातला एक आवाज त्यांनी कधी कबूल केला नाही. लग्न झाल्यापासून बायको सांगत आली होती, "अहो, तुम्ही घोरता." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पुरावा?" मुलीने एकदा फोनवर तो आवाज टिपून ऐकवला, तर "यंत्र हलक्या दर्जाचं आहे, हा पंख्याचा आवाज," असा निकाल देऊन ते मोकळे झाले. विद्वान माणसाशी कोण हुज्जत घालणार!

निवृत्ती जवळ आली होती आणि शोध म्हणावा असं एकही काम डॉक्टरांच्या नावावर नव्हतं. त्यांच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या एकाने समुद्रतळाचा गाळ उपसून जुन्या काळचं हवामान शोधून काढलं, तर त्याचा भलामोठा फोटो जिन्यात लागला. डॉक्टर रोज त्याच जिन्याने वर जायचे आणि रोज त्यांच्या पोटात दुखायचं.

आणि यंदाच्या मोहिमेत एकदम घबाडच हाती लागलं. समुद्र तापतोय तसे देवमासे थंड पाण्याकडे सरकताहेत का, हे त्यांच्या आवाजावरून ताडायचं, असं ते काम. रात्री जहाजाचं इंजिन बंद करायचं, पाण्यात माइक सोडायचा आणि येईल तो आवाज टिपायचा. त्यात एक आवाज असा निघाला की तो कुठल्याच ज्ञात प्राण्याशी जुळेना. उद्या संचालकबाईंसमोर तो सादर करायचा होता. बाईंना पटलं तर पुढच्या वर्षी अख्खं जहाज या नव्या प्राण्याच्या मागावर जाणार होतं, डॉक्टरांच्या हाताखाली. आणि मग जिना काय, सगळ्या भिंती त्यांच्याच.

जेवणं झाल्यावर त्यांनी टेबलावर लॅपटॉप मांडला आणि बायको-मुलीपुढे रंगीत तालीम सुरू केली.

"हा प्राणी फक्त रात्री बोलतो," डॉक्टर म्हणाले. "आणि काय लाजाळू आहे म्हणून सांगू! त्याच्यासाठी मी मुद्दाम जागत बसलो, तर पठ्ठ्याने चकार शब्द काढला नाही. कंटाळून खाली जाऊन आडवा झालो, की थोड्या वेळात याचं सुरू!"

टेबल पुसता पुसता बायकोचा हात थांबला. मुलगी खाली मान घालून मीठदाणीकडे बघत राहिली.

"आवाज ऐकवा बरं," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी आवाज लावला. बायकोने डोळे मिटून घेतले.

"आता चढेल," ती म्हणाली. आवाज चढला. "आता शिट्टी." बारीक शिट्टी वाजली. "आता मेल्यासारखं गप्प. आणि आता कूस बदलून पुन्हा पहिल्यापासून." तसंच झालं. समुद्राने इतकं आज्ञाधारकपणे कुणाचं ऐकलं नसेल.

"तुम्ही झोपायचात कुठे?" तिने विचारलं.

"तळाच्या खोलीत. जहाजाच्या भिंतीला लागून."

"आणि माइक?"

"त्याच भिंतीच्या बाहेर..." डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला.

"बाबा," मुलीने हळूच विचारलं, "यंत्र हलक्या दर्जाचं होतं का?"

"जगातलं उत्तम आहे," डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले.

आता खरं तर बायकोने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. इतक्या वर्षांचा खटला ती जिंकली होती. पण तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा टेबल पुसायला घेतलं. "मला मेलीला देवमाशातलं काय कळतंय," ती म्हणाली. "असेलही मासाच. तुम्ही जा उद्या, सांगा बिनधास्त. मी कुठे बोलणार नाही." ते ऐकून डॉक्टरांना त्या शिट्टीपेक्षाही जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात त्यांनी आवाज ऐकवला, आलेख दाखवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा प्राणी मी आहे."

आधी कुणाला कळेना. मग गाळवाला पहिल्यांदा फिसकन हसला आणि त्यापाठोपाठ सगळं सभागृह. संचालकबाईंनी हसता हसताच विचारलं, "पुरावा?"

"बायको," डॉक्टर म्हणाले. "तिचं निरीक्षण पंचवीस वर्षांचं आहे. मी आजवर ते फेटाळत आलो, ही माझी चूक."

जहाज गाळवाल्याला मिळालं. डॉक्टरांना पुढच्या मोहिमेत जागा मिळाली ती माइकपासून सगळ्यात लांबच्या खोलीत. आठवडाभरात त्यांच्या घोरण्याचा आलेख कुणीतरी चौकटीत घालून जिन्यात लावला, गाळवाल्याच्या फोटोशेजारीच. तो काढायला डॉक्टरांनी काही सांगितलं नाही.

मोहिमेला निघायच्या दिवशी ते बॅग भरत होते, तेव्हा बायको फोन घेऊन दारात आली.

"अहो, तो तुमचा मासा माझ्या फोनवर टाकून जा."

"कशाला? माहेरी ऐकवायला?"

"तुम्ही नसता तेव्हा मला झोप लागत नाही," ती म्हणाली. "घर कसं गप्प असतं."

"पुरावा?" डॉक्टरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, बॅग तशीच उघडी टाकली आणि तिच्या हातातला फोन घेतला.