कुकर लावण्याइतकं दुःख

मधुकररावांच्या मुनग्याची पानं एवढी बारीक, की त्यांच्यावर रागवायचं तर आधी चष्मा शोधावा लागे. मुनगा म्हणजे पुण्या-मुंबईकडचा शेवगा. झाड मधुकररावांच्या अंगणात, पण वाकलेलं सारं प्रेमिलाच्या बाजूला. पानं वाळत घातलेल्या चादरीवर, पानं जिन्यात, पानं खिडकीबाहेरच्या कूलरच्या टाकीत, आणि तिथून पंपाच्या जाळीत. मग पंप घरघरतो, पाणी वर चढत नाही, आणि नागपूरच्या मार्चात कूलर नुसतीच गरम हवा तोंडावर फेकतो.

"भाऊ, फांदी छाटा ना जराशी," ती भिंतीवरून म्हणायची.

"छाटतो ना, वहिनी. शेंगा निघू द्या एवढ्या. घ्या, तुमीच न्या. आलूत टाका, मस्त लागते."

शेंगा हातात आल्या की भांडणाची सोय संपत असे.

मुलगा प्रशिक हैदराबादला. रविवारी त्याचा फोन यायचा. तिनं कूलरचं काढलं की तो म्हणायचा, "आई, व्हिडिओ पाठवतो. त्यात सगळं दाखवलं आहे." टीव्हीचं काढलं, व्हिडिओ. गिझरचं काढलं, व्हिडिओ. पोरगा गुणाचा होता, आईची एकही अडचण तो उत्तराशिवाय ठेवत नसे. आणि उत्तर मिळालं की फोन ठेवायची वेळ होई. प्रेमिलाला उत्तर नकोच असायचं. पण हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिला जे हवं असायचं ते एकाच ठिकाणी मिळत होतं. काटोलला, सिंधूताईंकडे.

दोघी खापरखेड्याच्या वीज कॉलनीतल्या. प्रेमिलाचा नवरा रविंद्र आणि सिंधूताईंचे यजमान एकाच युनिटवर. क्वार्टरं समोरासमोर, मधे जिना. दुपारी चारला चहाचे कप घेऊन बाया त्या जिन्यावर बसायच्या आणि घरातली गाऱ्हाणी काढायच्या. नवरे वीज केंद्रात शिफ्टनं जात, तशी बायांची गाऱ्हाणीही शिफ्टनं चालत. एकीची शिफ्ट सुरू असली की दुसरीनं मधे बोलायचं नाही, सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. ती श्वास घ्यायला थांबली की बाकीच्यांनी फक्त म्हणायचं, "हो ना वं." बस. सल्ला द्यायला नवरे होते, सासवा होत्या, अख्खी कॉलनी होती.

आणि गाऱ्हाणं लहानच पाहिजे. नवऱ्याचा हात उठला, पोराला वेड्यासारखा ताप आला, घरी कोणी गेलं, ते जिन्यावर आणायचं नाही. भिंती पातळ, माणसं पुष्कळ, जिन्यावर सांगितलेलं संध्याकाळपर्यंत गेटवर पोचायचं. लहान म्हणजे केवढं? ते माप सिंधूताईंनीच ठरवून दिलं होतं. "सांगून झाल्यावर उठून कुकर लावता आला, तं ते लहान."

पुढे कॉलनी सुटली. सिंधूताईंचे यजमान वारले, त्या काटोलला मुलाकडे, अंकितकडे गेल्या. प्रेमिला आणि रविंद्रनं नागपुरात बांधलेल्या घरात संसार हलवला. जिना सुटला तरी चार वाजताची रीत सुटली नाही, ती फोनवर आली. फोन प्रेमिलानं लावायचा. पहिली शिफ्ट सिंधूताईंची, मग तिची. मागच्या हिवाळ्यात रविंद्र गेला तेव्हा सिंधूताई आल्या होत्या, तेरा-चौदा घरच्या बाया असताना तिच्याच शेजारी भिंतीला टेकून बसून राहिल्या होत्या. परत गेल्यावर दोघींचं पुन्हा जसंच्या तसं सुरू झालं. रिमोट, दूधवाला, मुनगा. रविंद्रचं नाव फोनवर कधी निघालं नाही. ते त्या मापात बसणारं नव्हतं.

मार्चातल्या एका दुपारी प्रेमिला कूलरचा पंप साफ करायला आतूनच खिडकीशी स्टुलावर चढली आणि पडली. फार नाही लागलं. कोपर खरचटलं, टाकीतलं पाणी अंगावर सांडलं. उठता येत होतं. पण ती उठली नाही. ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली, छताकडे बघत. आत वॉशिंग मशीनचं धुणं संपलं आणि तिनं आपलं ते गाणं वाजवलं. एरवी प्रेमिला स्वयंपाकघरातून म्हणायची, "आली, आली." आपण मशीनला जवाब देतो हे ध्यानात आल्यावर एकदा तिला स्वतःचंच हसूही आलं होतं. आज तिनं जवाब दिला नाही. गाणं वाजून वाजून थांबलं. पंख्याखाली कॅलेंडरचा कागद फडफडत होता. पडल्या पडल्या तिला वाटलं, मी इथं संध्याकाळपर्यंत पडून राहिली तरी कोणाचं काय अडते?

चार वाजता तिनं फोन लावला. सिंधूताईंची शिफ्ट झाली. तिची सुरू झाली तेव्हा मुनगा तोंडापर्यंत आला होता, पण निघालं भलतंच.

"सिंधूताई, मी आज पडली. लागलं नाही. पण मले उठाच नाही वाटलं. तशीच पडून होती कितीतरी वेळ. कोणासाठी उठू, सांगा? हे गेल्यापासून घरात मले हाक मारते ते फक्त कपडे धुवायची मशीन. मी मेली ना, तं कोणाले कळणारबी नाही."

ती थांबली.  इतक्या वर्षांत तिनं जिन्याचा कायदा पहिल्यांदा मोडला होता.

"हो ना वं!" पलीकडून सिंधूताई खळखळून हसत म्हणाल्या. "तसंच असते ते. चाल, मले कुकर लावाचा हाय."

फोन बंद झाला.

प्रेमिलानं फोन पालथा ठेवला. मग तिला रडू यायच्या आधी राग आला, आणि ते एका परीनं बरंच झालं, रागानं तिनं सगळी भांडी घासून काढली. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं फोन लावला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चारची वेळ दात पडलेल्या जागेसारखी झाली, जीभ सारखी तिथंच जायची. सिंधूताईंचा फोन येईल असं वाटत होतं. तो आला नाही. मग ती मनातल्या मनात भांडू लागली, आणि मनातलं भांडण फार दिवस मनात ठेवणं तिला जमणारं नव्हतं. मंगळवारी तिनं घराला कुलूप लावलं आणि काटोलची बस धरली.

"तोंडावरच विचारते," ती खिडकीशी बसून स्वतःला सांगत होती. "म्हणावं, सिंधूताई, मेल्या माणसाचं हसू येते का तुमाले?" शेजारच्या बाईनं दचकून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा कळलं की हे ती मोठ्यानं म्हणाली.

अंकितच्या घराच्या फाटकापाशी पोचली तेव्हा चारच वाजत आले होते. त्याची बायको काजल अंगणातल्या तारेवरचे कपडे काढत होती.

"मावशी! तुमी? बरं झालं बाई आल्या. बुढी माणसं कशी असते, आमच्या आई जेवून नाही राहिल्या धड. चार वाजले का फोन घेऊन बसतात, अन् अंधार पडेपर्यंत उठत नाही."

सिंधूताई घराच्या पायरीवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. फाटक करकरलं, काजल बोलली, त्यांनी मान वळवली नाही.

"सिंधूताई!" प्रेमिलानं हाक मारली.

मान हलली नाही.

"आयकू नाही येत त्यांना, मावशी," काजल हळूच म्हणाली. "गेल्या दिवाळीपासूनच कमी होतं, आता तं कानाशी ओरडल्याबिगर काहीच नाही. यांनी नागपूरहून मशीन आणून दिली कानाची. शिट्ट्या वाजते म्हणतात, डब्बीत घालून ठेवली. तुमाले नाही सांगितलं? तुमच्याशी तं रोज बोलतात ना."

प्रेमिला फाटकाला धरून उभी राहिली. मग, का कोण जाणे, तिनं पर्समधून फोन काढला आणि नेहमीचा नंबर लावला.

पायरीवरची पाठ एकदम ताठ झाली. फोन सिंधूताईंच्या मांडीवर थरथरत होता. त्यांनी घाईघाईनं तो उचलला, बोटानं हिरवं बटन सरकवलं, मग स्पीकरचं बटन दाबलं, आणि फोन कानाला न लावता डाव्या तळव्यावर आडवा ठेवला. वरून उजवा हात ठेवला, चिमणीचं पिल्लू धरावं तसा.

"अवं प्रेमिला! कुठं मेली होती वं एवढे दिवस? आयक. सुनेनं नवा गॅस आणला. बटन दाबलं का आपोआप पेटते म्हणे. आपोआप! तिनं दाबलं का पेटते, मी दाबलं का नाही पेटत. गॅसलेबी समजते घर कोणाचं हाय ते!"

काजलनं कपाळाला हात लावला. "साऱ्या गल्लीले पाठ झालं हे, मावशी."

"झाली माई शिफ्ट," सिंधूताई म्हणाल्या. "बोल आता."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

प्रेमिलानं फोन तोंडाशी धरला. "सिंधूताई," ती फोनमध्ये म्हणाली, "मी तुमच्या मागंच उभी हाय." तिचाच आवाज त्या मुठीतून दबून परत आला.

प्रेमिला थांबली, तशी त्या तळव्यातल्या फोनची थरथर थांबली. सिंधूताईंनी डोळे न उघडता मान डोलावली.

"हो ना वं," त्या म्हणाल्या.

प्रेमिला पुढे जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली. सिंधूताईंनी आधी तिच्या चपला पाहिल्या, मग तोंड, मग हातातला फोन. चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा उतरला, आणि दुसऱ्या क्षणी त्या चिडल्या.

"काहून आली? फोन होता ना!"

"काहून सांगितलं नाही मले?" प्रेमिला त्यांच्या कानाशी वाकून ओरडली.

"हळू बोल, बहिरी नाही मी एवढी." मग त्या म्हणाल्या, "जिन्यावर सांगाजोगं नव्हतं ते. मोठं होतं. अन् सांगितलं असतं तं तू फोन लावला असता? बहिऱ्या बाईले कोण फोन लावते, सांग बरं. अंकित घरात राहून बोलत नाही, हातानं खुणा करते, जशी का मी बस मागं घेऊन राहिली."

प्रेमिला पायरीवर बसली. काजल चहा घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. पलीकडच्या ओट्यावर एक बाई मटार सोलत बसली होती, तिचेही हात थांबले होते.

"त्या दिवशी तू लई वेळ बोलली," सिंधूताई म्हणाल्या. "थरथर वेगळी होती. मी म्हटलं काहीतरी भारी गंमत झाली असन. काय म्हणून राहिली होती वं?"

त्या वाट बघत होत्या, तोंड थोडं उघडं ठेवून, तिच्या ओठांकडे बघत. काजल बघत होती. मटारवाली बाई बघत होती. हे ओरडून कसं सांगायचं? मी पडली आणि उठली नाही, हे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कोणी सांगितलं आहे का कधी? प्रेमिलानं सिंधूताईंच्या कानाशी तोंड नेलं. केसांना तोच जुना खोबरेल तेलाचा वास.

"मुनगा!" ती ओरडली. "कूलरमधे पानं गेली मुनग्याची! पंप बंद पडला!"

"हो ना वं," सिंधूताई समाधानानं म्हणाल्या. "मेले शेजारी."

मटार सोलणं पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळच्या बसनं ती परत आली. काजलनं पिशवीत संत्री घातली होती. घरात शिरताच तिनं दिवा लावला, टीव्ही लावला, बंद केला. रविंद्रच्या फोटोवरची धूळ पुसली आणि संत्र्यांतलं एक सोलून उभ्या उभ्याच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फोन हातात घेऊन विचार करत बसली. लावून काय उपयोग? पलीकडे कान नाही. नुसता एक हात आहे. पण चार वाजले, आणि काटोलच्या पायरीवर कोणी मांडीवर फोन ठेवून बसलं आहे हे आता तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिनं फोन लावला.

सिंधूताईंनी गॅसचं सांगितलं. तेच. मग म्हणाल्या, "बोल आता."

प्रेमिला बोलू लागली. हळू, घरातल्या घरात बोलावं तशी. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी रविंद्रनं पाणी मागितलं होतं, आणि नर्सनं नको म्हटलं म्हणून तिनं दिलं नाही, हे तिनं सांगितलं. प्रशिकलाही हे माहीत नव्हतं. हे नुसते ओठ हलवत राहिले, ती म्हणाली, आणि मी नर्सचं ऐकलं, जन्मभर यांचं ऐकलं आणि त्या दिवशी नर्सचं. सांगताना तिचा आवाज फाटला. ती थांबली.

पलीकडून 'हो ना वं' आलं नाही.

दूर कुठंतरी काटोलच्या रस्त्यावर ट्रॅक्टर गेल्याचा आवाज फोनमधून आला आणि विरला.

"काहून थांबली वं?" सिंधूताई म्हणाल्या, नेहमीपेक्षा हलक्या आवाजात. "हात काढला नाही मी. बोल."

प्रेमिलानं पदरानं नाक पुसलं, आणि त्या सकाळचं पुढचं सांगायला लागली.